मायन्यातली मराठी

(इंदिरानगर, नाशिक येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



स्मृतिव्याख्यानात साहित्य, इतिहास, समाजकारण असे विषय ऐकायची आपल्याला सवय आहे. नाशिककरांना तर गोदाघाटावरच्या वसंत व्याख्यानमालेमुळे ती सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. मी आज ईमेलच्या हेडरवर बोलणार आहे. हेडर म्हणजे ईमेलच्या मजकुराच्या डोक्यावर असणाऱ्या ओळी: कोणाकडून, कोणाला, कोणत्या तारखेला, कोणत्या विषयासंबंधी. आपल्या आज्या-पणज्यांच्या भाषेत, पत्राचा मायना. हा विषय संगणकवाल्यांचा म्हणून आपण सोडून दिला. मला तो मराठीचा विषय वाटतो, आणि तसाच तो आज मांडायचा आहे.

एक प्रश्न विचारतो. तुमच्या मेलबॉक्समध्ये आज सकाळपासून आलेल्या मेलांपैकी किती मेलांचा सब्जेक्ट मराठीत होता? आत मजकूर मराठी असेल. निमंत्रण मराठी, इतिवृत्त मराठी, शोकप्रस्तावसुद्धा मराठी. पण वरची ओळ? ती इंग्रजी, नाहीतर रोमन अक्षरांत लिहिलेली मराठी. असं का झालं? आपल्याला मराठीची लाज वाटते म्हणून? मुळीच नाही. एके काळी त्या ओळीत मराठी लिहिली की समोर पोचेपर्यंत तिचा चुराडा व्हायचा. लोकांनी अनुभवातून धडा घेतला आणि ती ओळ सोडून दिली. चुराड्याचं कारण पुढे बरंचसं दूर झालं, सवय मात्र राहिली. हे कसं घडलं आणि काय उरलं आहे, ते क्रमाने सांगतो.

आधी पोस्टातल्या पत्राकडे वळू या, कारण त्यात आपल्या माणसाचं मोठं काम आहे. नाशिकरोडच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयात १९२६ पासून देशाची पोस्टाची तिकिटं छापली जातात. त्या तिकिटांसह देशभर फिरणाऱ्या पाकिटांची एक अडचण होती: एकाच नावाची अनेक गावं, आणि पत्ता लिहिणारा प्रत्येक जण आपापल्या भाषेत, आपापल्या लिपीत लिहिणारा. यावर तोडगा काढला श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या केळशीचे, संस्कृतचे नामांकित कवी आणि टपाल खात्याचे ज्येष्ठ अधिकारी. १५ ऑगस्ट १९७२ पासून पिन कोड सुरू झाला. आपल्या इंदिरानगरचा ४२२००९ घ्या. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र-मध्य प्रदेशाकडचा पश्चिमेचा विभाग, ४२२ म्हणजे नाशिकचा वर्गीकरण जिल्हा, शेवटचे तीन आकडे म्हणजे पत्र वाटणारं टपाल कार्यालय. वेलणकरांनी कुणालाही सांगितलं नाही की बाबा, मराठी सोड आणि इंग्रजीत पत्ता लिही. त्यांनी सहा चौकटी दिल्या. त्यांत आकडे ठरल्याप्रमाणे भर, बाकी पत्ता तुझ्या भाषेत लिही. चौकट सगळ्यांची एक, आतली भाषा ज्याची त्याची. हे सूत्र लक्षात ठेवा. ईमेलच्या जगाला त्याच सूत्रापाशी यायला पुढे वीस वर्षं लागली.

ईमेलच्या हेडरचं पहिलं प्रमाण ठरवणारा दस्तऐवज ५ सप्टेंबर १९७३ चा आहे. इंटरनेटचे नियम ज्या क्रमांकित दस्तऐवजांतून ठरतात त्यांना आरएफसी म्हणतात; हा आरएफसी ५६१. त्याच्या चार लेखकांत पहिलं नाव अभय भूषण यांचं. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी, त्या वेळी अमेरिकेत एमआयटीत. दुसरे एक लेखक रे टॉमलिन्सन, ज्यांनी १९७१ मध्ये पत्त्यात 'ॲट'चं चिन्ह आणलं. म्हणजे मायना कसा असावा हे ठरवणाऱ्या पहिल्या चौघांत एक भारतीय होता. आपल्या शाळांमधून हे नाव सांगितलं जात नाही, ते सांगायला हवं. पुढे १९७७ मध्ये आरएफसी ७३३ आला आणि १९८२ मध्ये डेव्हिड क्रॉकर यांचा आरएफसी ८२२. आज जो नियम चालतो, २००८ चा आरएफसी ५३२२, तो याच घराण्यातला.

या नियमांत काय आहे? प्रत्येक ओळीला नाव, नावापुढे अपूर्णविराम, मग मजकूर. ओळ शक्यतो ७८ अक्षरांच्या आत, कोणत्याही परिस्थितीत ९९८ च्या वर नाही. लांब झाली तर पुढच्या ओळीवर न्या, पण तिची सुरुवात मोकळ्या जागेने करा, म्हणजे ती आधीच्याच ओळीचा भाग आहे हे यंत्राला कळेल. तारखेत वाराचं आणि महिन्याचं नाव इंग्रजी तीन अक्षरी. तिथे 'सोमवार' चालत नाही, आणि मी म्हणेन की चालूही नये, कारण ती तारीख यंत्रासाठी आहे. तुमच्या पडद्यावर तिचा 'सोमवार' करून दाखवणं हे तुमच्या प्रोग्रामचं काम. आपली वेळ तिथे अधिक ०५३० अशी लिहितात. ८२२ मध्ये वेळेची नावं दिली होती ती अमेरिकेतल्या विभागांची आणि ग्रिनिचची. आपला साडेपाच तासांचा फरक आकड्यांतूनच नेमका सांगता येतो. नियम सगळ्यांना सामावून घेणारा असेल तर तो असा असतो.

पण एका बाबतीत ८२२ ने आपल्याला सामावून घेतलं नाही. हेडरमधलं प्रत्येक अक्षर आस्कीतलं हवं, म्हणजे सात बिटांतलं, एकूण १२८ चिन्हांपैकी एक. त्यात इंग्रजी मुळाक्षरं, आकडे, विरामचिन्हं. फ्रेंचांचे स्वराघात नाहीत, जर्मनांचे दोन टिंबांचे स्वर नाहीत, देवनागरी तर नाहीच नाही.

आता याच सुमारास आपल्याकडे काय चाललं होतं ते पाहा. १९८६ मध्ये संशोधन संस्थांना जोडणारा अर्नेट हा प्रकल्प सुरू झाला: मुंबईची एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संस्था, बंगळुरूची आयआयएससी, पाच आयआयटी आणि केंद्राचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग. जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यामध्ये टेलिफोनच्या तारेवरून ईमेल जाऊ-येऊ लागली. एनसीएसटीचं नेतृत्व श्रीनिवासन रमणी यांच्याकडे होतं. आणि पुण्यात? तिथे १९८८ मध्ये सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था स्थापन झाली. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं काम, म्हणजे जिस्ट, पुढे तिथे आलं. भारतीय लिप्यांचं 'इस्की' हे प्रमाण १९९१ मध्ये राष्ट्रीय मानक झालं. क, ख, ग प्रत्येकाला एक क्रमांक, सर्व भारतीय लिप्यांना समान आराखडा. म्हणजे मुंबईत पोस्टमन तयार होत होता, पुण्यात अक्षर तयार होत होतं.

मग दोघांची गाठ का पडली नाही? कारण इस्कीतली देवनागरी आठ बिटांच्या वरच्या अर्ध्या भागात बसते, आणि टपाल वाहून नेणारे जुने सर्व्हर सातच बिट नेत. आठवा बिट वाटेत कापला गेला की 'क'च्या जागी एखादं भलतंच इंग्रजी अक्षर उरायचं. कुणी बदमाशी केलेली नव्हती. सर्व्हर नियमाप्रमाणेच वागत होता.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, आणि मग आला फाँटचा काळ. श्री-लिपी, आकृती, शिवाजी हे शब्द ऐकले की या सभागृहातल्या अनेकांच्या बोटांना आपापला कीबोर्ड आठवेल. या फाँटांनी मराठी डीटीपी उभं केलं. वर्तमानपत्रं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, सारं काही. मी त्यांना कमी लेखणार नाही. पण त्यांची रचना समजून घ्या. संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक, वर फक्त देवनागरीचं चित्र. फाँट काढला की उरतो अर्थहीन इंग्रजी कचरा. ईमेलच्या मजकुरात निदान सांगता यायचं की हा भाग अमुक फाँटमध्ये दाखव. सब्जेक्टमध्ये? तिथे फाँट सांगायला जागाच नाही. ती ओळ समोरच्याचा प्रोग्राम स्वतःच्या फाँटमध्ये दाखवतो. म्हणून मजकुरात मराठी टिकली आणि मायन्यातून ती हद्दपार झाली. मी सुरुवातीला ज्या सवयीचं बोललो ती इथे जन्मली. ती आळसातून आलेली नाही, पराभवातून आलेली आहे.

उपाय मात्र जगात १९९२ मध्येच निघाला होता. त्या वर्षी जूनमध्ये नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांचं माइम आलं, ज्यामुळे ईमेलला चित्रं, ध्वनी, परकी लिपी वाहून नेता येऊ लागली. त्याच महिन्यात कीथ मूर यांनी हेडरसाठी वेगळा नियम दिला. तोच सुधारत १९९६ मध्ये आरएफसी २०४७ झाला. आणि १९९२ च्याच सप्टेंबरात केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ही युनिकोड, म्हणजे जगातल्या लिप्यांचा एकत्र क्रमांकसंच, साठवण्याची पद्धत रचली. एका वर्षात तिन्ही!

२०४७ चा नियम काय म्हणतो? चौकट आस्कीचीच ठेवा. आत देवनागरी पाठवायची असेल तर ती आस्कीच्या वेष्टनात गुंडाळा. वेष्टनावर सुरुवातीलाच लिहा की आतला माल कोणत्या लिपिसंचातला आहे आणि कशा पद्धतीने गुंडाळला आहे. शेवटी बंद झाल्याची खूण करा. वाटेतल्या सर्व्हरला फक्त साधी इंग्रजी अक्षरं दिसतील, तो निमूट पुढे नेईल. पोचल्यावर वाचणाऱ्याचा प्रोग्राम वेष्टन उघडेल. चौकट सगळ्यांची एक, आतली भाषा ज्याची त्याची. वेलणकरांचंच सूत्र!

आता इथे थोडं थांबतो, कारण मराठीचा खरा घात या वेष्टनाच्या बारकाव्यात होतो. एका वेष्टनाची लांबी जास्तीत जास्त ७५ अक्षरं. त्यातली १२ वरच्या-खालच्या खुणांत जातात. उरली ६३. बेस-६४ या गुंडाळण्याच्या पद्धतीत चारचारचे गट लागतात, म्हणून वापरता येतात ६०, आणि त्यांत बसतात ४५ बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. म्हणजे एका वेष्टनात पंधरा चिन्हं. चिन्हं म्हणतोय, अक्षरं नाही. काना वेगळा, वेलांटी वेगळी, हलन्त वेगळा. इंग्रजी माणूस ज्या जागेत अख्खं वाक्य लिहील तिथे आपले दोन शब्दही कसेबसे मावतात.

उदाहरण घेऊ: 'वार्षिक सर्वसाधारण सभा'. कोणत्याही सोसायटीचा, पतसंस्थेचा, वाचनालयाचा नेहमीचा सब्जेक्ट. मोजा: वीस चिन्हं आणि दोन मोकळ्या जागा, एकूण ६२ बाइट. एका वेष्टनात मावत नाही, दोन करावी लागतात. नियम स्पष्ट सांगतो की एक चिन्ह दोन वेष्टनांत तोडू नका. पण इंग्रजीपुरताच विचार केलेला प्रोग्राम काय करतो? डोळे मिटून ४५ बाइटवर कात्री चालवतो. ती कात्री नेमकी कुठे बसते सांगू? 'सर्वसाधारण'मधल्या 'धा'च्या कान्यावर. कान्याचे दोन बाइट पहिल्या वेष्टनात, एक दुसऱ्यात. वाचणाऱ्याला दिसतं 'सर्वसाध', मग काळ्या चौकटीतली प्रश्नचिन्हं, मग 'रण सभा'. लोक म्हणतात, मराठी फाँट गंडला. फाँटचा यात काहीही संबंध नाही. पाठवणाऱ्या प्रोग्रामने नियम मोडला.

दुसरी चूक याहून साधी. दोन वेष्टनांच्या मधली मोकळी जागा वाचताना गाळायची, असा नियम आहे. म्हणून शब्दांमधली जागा वेष्टनाच्या आत घालावी लागते. ज्याने प्रत्येक शब्द वेगळा गुंडाळला आणि जागा बाहेर ठेवली, त्याचे शब्द पोचताना एकमेकांना चिकटतात. तिसरी चूक नावाची. पाठवणाऱ्याचं मराठी नाव अवतरणचिन्हांत घालून आत वेष्टन ठेवायचं नाही, असं नियम बजावतो. कित्येक प्रोग्राम तेच करतात आणि नावाऐवजी यूटीएफची लांबलचक माळ दिसते. अशी माळ कधी दिसली तर तिच्यात एक खूण शोधा. देवनागरीचा प्रत्येक शब्द बेस-६४ मध्ये सरळ गुंडाळला तर इंग्रजी चार, के, एस किंवा चार, के, डब्ल्यू ही तीन चिन्हं पुन्हापुन्हा येतात. ती दिसली की समजा, आत मराठी जिवंत आहे. फक्त वेष्टन उघडलं गेलेलं नाही. आणि इंग्रजी 'ए'वर तिरकी रेघ, शेजारी चार काट्यांचं छोटं वर्तुळ अशी जोडी सलग दिसली, तर वेष्टन उघडलं गेलं पण यूटीएफ-८ ला कुणीतरी पश्चिम युरोपची लिपी समजून वाचलं. दोन्ही वेळा मजकूर परत मिळवता येतो. मेल पुसून टाकू नका.

आता एक खास मराठी गोष्ट. आपल्याकडे वकिलांच्या नावाआधी 'ॲड.' लिहितात. हा 'ॲ' युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्ह म्हणून आला २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी लोक 'अ' आणि वरची चंद्रकोर अशी दोन चिन्हं जोडत, अजूनही जोडतात. डोळ्यांना दोन्ही एकच. यंत्राला? पूर्ण वेगळी. युनिकोडने या दोहोंना समतुल्य ठरवलेलं नाही. 'दुसऱ्या'मधल्या अर्ध्या 'र'चं तेच. कुणी नुक्त्याचा ऱ वापरतो, कुणी साधा र आणि न दिसणारा जोडक. मग सब्जेक्टमध्ये 'दुसऱ्या टप्प्याची यादी' शोधली आणि मेल सापडली नाही, तर दोष शोधणाऱ्याचा नाही. हिंदीला हा त्रास नाही, कारण हा अर्धा 'र' आपला आहे. म्हणून हा प्रश्न दिल्ली सोडवेल, कॅलिफोर्निया सोडवेल, अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. शोध घेताना दोन्ही रूपं एकच मानावीत, हे मराठी माणसानेच सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला सांगायला हवं. २००९ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये राज्य शासनाने मराठी वर्णमालेविषयी निर्णय काढले. कागदावरचं रूप ठरलं, उत्तम झालं. यंत्राच्या पोटातलं रूपही तेवढ्याच आग्रहाने ठरावं, अशी माझी मागणी आहे.

मग कुणी विचारेल, वाचणाऱ्या प्रोग्रामने थोडं समजून घेतलं तर काय बिघडतं? हा प्रश्न मोठा आहे, त्यावर इंटरनेटच्या जाणत्यांत चाळीस वर्षं वाद आहे. १९८० च्या सुमारास जॉन पोस्टेल यांनी एक धोरण सांगितलं: पाठवताना काटेकोर राहा, स्वीकारताना उदार. त्या उदारपणावर इंटरनेट वाढलं, हे मला मान्य आहे. पण उदार वाचकामुळे बेफिकीर लेखक तयार होतो. माझ्या मेलमध्ये चूक आहे हे मला कळणार कसं, जर एक मोठा प्रोग्राम ती गुपचूप सुधारून दाखवत असेल? ती दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडली की तुटते, आणि लोक त्या दुसऱ्यालाच बोल लावतात, जो बिचारा नियम पाळत असतो. डिसेंबर २०२३ मध्ये तर या उदारपणाचा उघड धोका समोर आला. मेल कुठे संपते याची खूण काही सर्व्हर ढिलाईने वाचत होते. त्या फटीतून एका मेलच्या पोटात खोट्या नावाची दुसरी मेल घुसवता येते, हे संशोधकांनी दाखवून दिलं. पोस्टफिक्स, एक्झिम, सेंडमेल या मेल सर्व्हरच्या प्रोग्रामांना दुरुस्त्या कराव्या लागल्या.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. मेल ५३२२ प्रमाणे असलीच पाहिजे, हे त्यांत आहे. मोठ्या संख्येने पाठवणाऱ्यांना डिजिटल सही लागते. या सहीत सहसा सब्जेक्टचाही समावेश असतो. वाटेतल्या एखाद्या सर्व्हरने मराठी सब्जेक्ट 'दुरुस्त' करून पुन्हा गुंडाळला, तर सही जुळत नाही आणि मेल स्पॅममध्ये जाऊ शकते. एखाद्या विद्यार्थ्याचं परीक्षेचं पत्र, एखाद्या शेतकऱ्याचं अनुदानाचं पत्र असं हरवलं, तर त्याची जबाबदारी कोणावर? मी म्हणतो, पहिल्यांदा चुकीचं गुंडाळणाऱ्यावर.

मराठीतल्या पत्त्याबद्दल थोडक्यात. २७ ऑगस्ट २०१४ ला डॉट भारत हे देवनागरी डोमेन सुरू झालं. ज्या भाषांसाठी ते आहे त्यांत मराठी आहे. पत्त्याचा डावा भागही देवनागरीत ठेवता येईल असे नियम २०१२ मध्ये झाले. पण डोमेनला इंग्रजी अक्षरांतलं पर्यायी रूप आहे, डाव्या भागाला नाही. समोरच्या सर्व्हरला हे नवे नियम येत नसतील तर मेल परत येते. म्हणून माझं मत असं की आज मराठी पत्ता मिरवण्याआधी, मराठी पत्ता स्वीकारणारे अर्ज आणि सर्व्हर तयार व्हावेत. महाविद्यालयाच्या, बँकेच्या, महापालिकेच्या अर्जात देवनागरी पत्ता लिहिला की तो 'अवैध' ठरतो का, हे आधी तपासावं.

आणि तपासायचं कसं, तेही सांगतो, कारण या सभागृहात संस्थांचे सचिव आहेत, मुख्याध्यापक आहेत, नगरसेवक आहेत. संस्थेसाठी सॉफ्टवेअर घेताना करारपत्रावर सही करण्यापूर्वी विक्रेत्याला तीन मेल पाठवायला लावा. पहिलीचा सब्जेक्ट 'वार्षिक सर्वसाधारण सभा व दुसऱ्या टप्प्याची यादी'. दुसरीत पाठवणाऱ्याचं नाव मराठीत, आधी 'ॲड.' आणि मध्ये स्वल्पविराम. तिसरी या दोन्हींचं उत्तर, कारण उत्तर देताना सब्जेक्ट पुन्हा गुंडाळला जातो आणि पुष्कळ प्रोग्राम तिथेच घसरतात. तिन्ही मेल फोनवर, जीमेलमध्ये, आउटलुकमध्ये आणि थंडरबर्डमध्ये उघडून पाहा. एका ठिकाणी जरी कान्याच्या जागी प्रश्नचिन्ह आलं, तरी आरएफसी २०४७ चा पाचवा विभाग विक्रेत्यापुढे ठेवा आणि दुरुस्ती होईपर्यंत बिल रोखा.